पिकअपसाठी एलटी टायर की पॅसेंजर टायर?

हौदावाला

नमस्कार मंडळी. पिकअपचे चारही टायर बदलायचे आहेत आणि एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांसाठीचे) की पी (पॅसेंजर, म्हणजे प्रवासी गाड्यांसाठीचे) यावर दोन टोकांचे सल्ले मिळताहेत, म्हणून हा धागा.

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पी२६५/७०आर१७, पुढे-मागे ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असं छापलंय. मूळ टायरचा लोड इंडेक्स (टायर किती भार उचलतो त्याचा सांकेतिक आकडा) ११३. मागच्या एक्सलची मर्यादा १७५० किलो. रिकामी गाडी काट्यावर पुढे १२५० आणि मागे ९५० किलो भरते.

वापर असा: रोज १५ किमी खडीचा कच्चा रस्ता, साधारण तेवढाच डांबरी. महिन्यातून तीन-चार वेळा २५०० किलोचा ट्रेलर, तेव्हा हौद्यात ३०० किलोच्या आसपास सामान. एरवी हौदा रिकामा. रस्त्यावर पाऊसपाणी भरपूर असतं.

एक जण म्हणतो, "ट्रेलर ओढताय ना, मग १० प्लायचे एलटीच घ्या." दुसरा म्हणतो, कंपनीने पी दिलाय तर पीच ठेवा. ठरवायचं कशावरून?

तोलकाटा

काट्यावरची वजनं दिलीत हे फार बरं केलंत. टायरचं नाव ठरवण्याआधी मागच्या एका चाकावर जास्तीत जास्त किती किलो येतात ते काढू.

ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर (पिकअपच्या मागे ट्रेलर जोडतात त्या जोडावर) यावा लागतो. १२ टक्के धरले तर ३०० किलो. पण हिच मागच्या एक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे तो ३०० किलो तरफेसारखा काम करतो. चाकांमधलं अंतर ३.६ मीटर आणि एक्सलपासून हिचच्या गोळ्यापर्यंत १.२ मीटर धरा. मागच्या एक्सलवर ३०० × ४.८ ÷ ३.६, म्हणजे ४०० किलो येतात आणि पुढचा एक्सल १०० किलोने हलका होतो. हा वाढीव शंभर बहुतेक जण धरतच नाहीत. तुमच्या गाडीची मापं टेपने घेऊन हाच हिशोब पुन्हा करा.

हौद्यातल्या ३०० पैकी २७० मागे गेले असं समजा. ९५० + ४०० + २७० = १६२० किलो. मर्यादा १७५०, म्हणजे आत आहात. एका चाकावर ८१०, सामान एका बाजूला सरकलं तर थोडं जास्त.

आता टायर. लोड इंडेक्स ११३ म्हणजे ११५० किलो. पण पॅसेंजर टायर पिकअपवर चढला की हा आकडा १.१० ने भागायचा असतो. पिकअपमध्ये भार वर चढतो, एका बाजूला झुकतो, वापरही जास्त दांडगा असतो, त्यासाठी ठेवलेलं हे राखीव माप आहे. ११५० ÷ १.१० = १०४५. दोन टायरचे २०९०. तुमची गरज १६२०, एक्सलची मर्यादा १७५०.

म्हणजे केवळ भारासाठी एलटी घ्यायची सक्ती तुमच्यावर नाही. आणि एलटी घेतले म्हणून एक्सलची किंवा गाडीची मर्यादा किलोभरही वाढत नाही. ती ब्रेक, पाटे, एक्सल, चेसिस सगळं मिळून ठरते.

खडीरस्ता

वरचा हिशोब बरोबर आहे, पण या गाडीचा निकाल खडीने लागणार आहे. ट्रेलर दुय्यम.

रोज १५ किमी खडी म्हणजे टायरला दोन प्रकारचा मार. पहिला, टोकदार खडा नक्षीच्या खाचेत अडकतो आणि प्रत्येक फेरीत थोडा थोडा आत शिरतो. खाचेच्या तळाशी, पोलादी पट्ट्यांच्या वर, रबराचा जो थर असतो तो पॅसेंजर टायरमध्ये पातळ असतो. खडा त्यातून पट्ट्यांपर्यंत पोचला की ओल आत जाते, तार गंजते आणि पुढे नक्षीचा भाग सुटायला लागतो. दुसरा मार साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर. चाकोरीच्या कडेचे दगड तिथे घासतात, कापतात. आतल्या दोऱ्या तुटल्या की फुगा येतो, आणि साइडवॉलची दुरुस्ती होत नाही. फुगा आला की टायर गेलाच.

एलटीमध्ये तळाचा थर जाड, पट्ट्यांची तार दणकट, साइडवॉलला जास्त रबर आणि बऱ्याचदा दोऱ्यांचा जादा थर. नवीन पॅसेंजर ऑल-सीझन टायरची नक्षी साधारण ८ ते ९ मिमी खोल असते, एलटी ऑल-टेरेनची (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीच्या टायरची) १२ ते १४. खडीवर तो फरक टायरच्या आयुष्यात उतरतो.

एक काळजी घ्या. नक्षी दणकट दिसली म्हणजे टायर एलटी असतोच असं नाही. तीच ऑल-टेरेन नक्षी एकाच कंपनीत पॅसेंजर बांधणीतही मिळते आणि एलटी बांधणीतही. समोरून दोन्ही सारखेच दिसतात. साइडवॉलवर आकड्याच्या आधी "एलटी" आहे का, एवढंच बघा.

सावकाश

दुसरी बाजूही मांडतो, कारण पावसाचा उल्लेख आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही.

एलटीचं रबर चिरा पडू नयेत, तुकडे उडू नयेत म्हणून कडक ठेवलेलं असतं. नक्षीचे ठोकळे मोठे, त्यावरच्या बारीक चिरा कमी. याची किंमत ओल्या डांबरावर मोजावी लागते: थांबायला जास्त अंतर लागतं, आणि रिकाम्या हौद्याचं मागचं टोक आधीच हलकं असल्याने वळणावर ते लवकर सुटतं. टायर निवडताना नक्षीच्या सगळ्यात आक्रमक प्रकाराकडे जाऊ नका. ठोकळ्यांवर भरपूर बारीक चिरा असलेला, मध्यम ऑल-टेरेन बघा.

वजनाचंही तसंच. या मापाचा पॅसेंजर टायर १७-१८ किलोच्या आसपास असतो, लोड रेंज ई चा ऑल-टेरेन २२ ते २४ (लोड रेंज म्हणजे एलटीचा ताकदीचा वर्ग; सी, डी, ई असा चढता). हे वजन पाट्यांच्या आणि शॉकच्या खालचं आहे, प्रत्येक खड्ड्यात शॉकला ते आवरावं लागतं. रिकामी गाडी खडीच्या लाटांवर उड्या मारते ती अर्धी यामुळे आणि अर्धी जास्त हवेमुळे. इंधनही थोडं जास्त जातं.

वेगाचं अक्षरही बघून घ्या. पॅसेंजर टायरवर बहुधा एस किंवा टी, म्हणजे ताशी १८० आणि १९०. एलटीवर अनेकदा आर किंवा क्यू, १७० आणि १६०. एरवी अडचण नाही, पण गाडीच्या कागदपत्रात किमान अक्षर दिलं असेल तर त्याच्या खाली जाऊ नये.

हौदावाला

सगळ्यांचे आभार. खडीचा मुद्दा पटला. पण मग एक सोपा मार्ग सुचतोय: एलटी ई घ्यायचे आणि हवा स्टिकरप्रमाणे ३५ च ठेवायची. टायर दणकट, चालवायला मऊ. चालेल ना?

तोलकाटा

नाही. पॅसेंजरवरून एलटीवर जाताना सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, त्यामुळे सविस्तर लिहितो.

भार टायर उचलत नाही, टायरमधली हवा उचलते. टायर हे त्या हवेचं भांडं. पॅसेंजर टायर आपला पूर्ण भार ३५ पीएसआयला उचलेल असाच मोजलेला असतो. एलटीची मोजणी वेगळी: लोड रेंज सी पूर्ण भार ५० ला उचलतो, डी ६५ ला, ई ८० ला. स्टिकरवरचे ३५ त्या पी टायरसाठी लिहिलेत. एलटीला तो आकडा लागू होत नाही.

तुमच्याच मापात बघू. एलटी२६५/७०आर१७ सी चा इंडेक्स ११२/१०९, म्हणजे एकेरी चाकाला ५० पीएसआयवर ११२० किलो. ई चा १२१/११८, म्हणजे ८० वर १४५०. (दुसरा आकडा मागे जोडचाकं असतील तेव्हाचा, तुम्हाला लागू नाही.) हेच टायर ३५ वर आणले की ८५० किलोच्या आसपास उरतात. तुमचा जुना पी, १.१० ने भागूनसुद्धा, ३५ वर १०४५ उचलत होता. म्हणजे टायर दणकट घेतला आणि क्षमता सुमारे २०० किलोने खाली आली. दोन टायरचे १७००, एक्सलची मर्यादा १७५०.

अजून एक गोष्ट अनेकांना पटत नाही, पण टायर कंपनीचा भार-दाब तक्ता (किती हवेला किती भार) उघडून बघा: एकाच मापाच्या एलटीमध्ये सी, डी आणि ई एकाच दाबाला एकसारखाच भार उचलतात. ४५ वर ई ला सी पेक्षा काही जादा मिळत नाही. ई चा फायदा ५० च्या वर हवा भरण्याची मुभा मिळते तिथून सुरू होतो. तुमच्या १७५० च्या एक्सलला तिथे जायची गरजच पडत नाही.

आता कमी हवेने बिघडतं काय? चाकाच्या प्रत्येक फेरीत साइडवॉल एकदा दबते आणि सुटते. या टायरचा घेर अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ८० ला सेकंदाला जवळजवळ नऊ वेळा. प्रत्येक वाकण्यात उष्णता तयार होते, आणि एलटीची साइडवॉल जाड, म्हणून त्याच वाकण्यात ती जास्त तापते. वर नक्षीही जाड, त्यामुळे उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. सगळ्यात जास्त ताप पोलादी पट्ट्यांच्या कडेला साठतो. तिथली रबराची पकड सुटते आणि नक्षीचा पट्टा निघतो. उन्हाळा, ट्रेलर आणि सरळ मोठा रस्ता हे तिन्ही एकत्र आले की हे घडतं. बाहेरून टायर शेवटपर्यंत चांगला दिसतो, कारण जाड साइडवॉल कमी हवेतही फारशी बसत नाही. लाथ मारून किंवा नुसतं बघून एलटीची हवा कळत नाही, गेजच लावावा लागतो.

मग किती भरायची? नियम असा: जुना टायर स्टिकरच्या दाबाला जितका भार उचलत होता (भागाकारानंतरचा), तितका नव्या टायरने उचलला पाहिजे. तुमचा आकडा १०४५. तो ४५ पीएसआयच्या आसपास येतो. तक्त्यात ५-५ च्या पायऱ्या असतात. जी पायरी १०४५ ला पुरते ती घ्यायची, अपुरी असेल तर वरची. तक्ता तुम्ही घ्याल त्याच कंपनीचा वापरा. हवा गार टायरला मोजायची, गाडी किमान तीन तास उभी असताना.

जुनी नक्षी

मी खडूची पद्धत सुचवतो. नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ ओढायची, सपाट रस्त्यावर सरळ शंभरेक मीटर गाडी न्यायची आणि रेघ कुठे पुसली ते बघायचं. मधेच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. पूर्ण रुंदीत पुसली जाईपर्यंत हवा कमी-जास्त करायची. रिकाम्या पिकअपला मागे ३० च्याही खाली पूर्ण ठसा येतो. मग ४५ भरून नक्षी मधोमध झिजवायची कशाला?

तोलकाटा

पद्धत उपयोगाची आहे, पण तिच्याकडून एकाच प्रश्नाचं उत्तर मिळतं: नक्षी रस्त्याला किती रुंद टेकते. टायर किती तापणार आहे ते ती सांगत नाही. ठसा घेताना गाडी रिकामी असते आणि वेग चालण्याचा असतो. म्हणून मी क्रम असा ठेवीन: तळाची मर्यादा तक्त्यातून घ्यायची आणि खडू वापरायचा असेल तर त्या मर्यादेच्या वरच.

मधोमध झीज होते हे खरं. ती आवरायला चाकं पुढे-मागे बदलत राहणं हा मार्ग आहे. ८ ते १० हजार किमीला एकदा. ऑल-टेरेनचे ठोकळे तसेही एकाच जागी राहिले की करवतीसारखे झिजतात आणि आवाज करू लागतात.

पाना१७

हवेचा विषय झाला, आता चाकाच्या बाकीच्या भागांकडे बघू.

"१० प्लाय" या शब्दाने गोंधळू नका. आत दहा थर नसतात. कापसाच्या दोऱ्याचे टायर होते तेव्हाच्या ताकदीशी केलेली ती तुलना आहे. सी म्हणजे ६, डी म्हणजे ८, ई म्हणजे १०. आजच्या ई टायरच्या साइडवॉलमध्ये खरे थर बहुधा दोन किंवा तीनच. खरे थर साइडवॉलवर बारीक अक्षरात लिहिलेले असतात, नक्षीखालचे वेगळे आणि बाजूचे वेगळे. खडीसाठी टायर घेताना ती ओळ वाचा.

"सी" दोन ठिकाणी येतो. "लोड रेंज सी" वेगळा, आणि २२५/७०आर१५सी ११२/११० यासारख्या मापाच्या शेपटीला लागलेला सी वेगळा. शेपटीचा सी म्हणजे व्यावसायिक व्हॅनच्या पद्धतीचा टायर, त्याचा भार-दाब हिशोब निराळा.

एक्सएल म्हणजेही एलटी नव्हे. तो जादा हवा सोसणारा पॅसेंजर टायर, पूर्ण भार ४१-४२ पीएसआयला. उदाहरणार्थ २७५/५५आर२० साध्यात ११३ आणि एक्सएलमध्ये ११७, म्हणजे १२८५ किलो. यालाही १.१० चा भागाकार लागतोच. डांबरी रस्ता आणि अधूनमधून ट्रेलर एवढंच असतं तर मी एक्सएल सुचवला असता.

साध्या पॅसेंजर टायरवर "कमाल ४४" किंवा "कमाल ५१" पीएसआय छापलेलं असतं, त्यावरूनही गैरसमज होतो. हवा तिथपर्यंत भरता येते, पण भार ३५ ला जेवढा असतो तेवढाच राहतो. ट्रेलर ओढताना दोन-चार पीएसआय जास्त भरल्याने साइडवॉल डुलायची थांबते, एवढाच फायदा.

वॉल्व्ह: ओढून बसवायचा साधा रबरी वॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचा असतो. ई घेऊन त्याच्या वर जायचं असेल तर जास्त दाबाचा किंवा नटाने आवळायचा धातूचा वॉल्व्ह लागतो. नवीन टायर बसवताना वॉल्व्ह नवेच घाला. रिमच्या आतल्या बाजूला त्याची भारमर्यादा कोरलेली असते. टायर १४५० चा आणि रिम १००० ची, तर हिशोबाला १०००.

हवेचा इशारा देणारा दिवा ही यातली सगळ्यात फसवी गोष्ट. अनेक गाड्यांत तो स्टिकरच्या आकड्याच्या २५ टक्के खाली गेल्यावर पेटतो. ३५ चं २६. तुम्ही एलटीत ४५ भरणार, त्याच्या २५ टक्के खाली म्हणजे ३४ लाच इशारा मिळायला हवा. प्रत्यक्षात तो २६ ला मिळेल, तोपर्यंत टायर तापून खराब झालेला असेल. गाडीच्या संगणकात हा आकडा बदलता येत असेल तर बदलून घ्या. येत नसेल तर दिव्यावर विसंबू नका, पंधरवड्याला आणि ट्रेलर जोडण्याआधी दर वेळी गेज लावा. हवामान १० अंशांनी उतरलं तर ४५ मधले साधारण दोन पीएसआय आपोआप कमी होतात, हेही ध्यानात ठेवा.

घाटमाथा

मधेच विचारतो. माझ्याकडची पिकअप जड वर्गातली आहे, कंपनीनेच एलटी ई दिलेत, स्टिकरवर मागे ८० पीएसआय. ट्रेलर आता ओढायचा नाही. आरामासाठी पॅसेंजर टायर टाकता येतील का?

तोलकाटा

टाकू नका. तुमच्या मागच्या एक्सलच्या मर्यादेला अर्धा करा आणि पॅसेंजर टायरचा भार १.१० ने भागून त्याच्याशी ताडून बघा. जड वर्गात तो पुरणार नाही. आज तुम्ही भार टाकणार नाही, पण गाडीची नोंदलेली क्षमता तीच राहते आणि उद्या दुसरा कुणी ती पूर्ण भरेल. आराम हवा असेल तर टायर ई च ठेवा. स्टिकरवर रिकाम्या गाडीसाठी वेगळा कमी दाब दिला आहे का ते बघा, काही गाड्यांत असतो.

हौदावाला

आता चित्र स्पष्ट झालं. एलटी२६५/७०आर१७ लोड रेंज सी, मध्यम नक्षीचे ऑल-टेरेन घ्यायचं ठरवतोय. ई पेक्षा हलके, आणि माझ्या एक्सलला ५० पीएसआय पुरेसे. दोन शंका. भार मागेच येतो, तर आत्ता फक्त मागचे दोन एलटी घेतले तर? आणि स्टेपनी जुनी पी च ठेवली तर?

खडीरस्ता

सी ची निवड योग्य. फक्त विकत घेताना साइडवॉलचे खरे थर बघा. काही सी टायर ई च्या जवळपास जाड असतात, काही पॅसेंजरपेक्षा थोडेच बरे.

दोनच टायर बदलू नका. मागे कडक आणि पुढे मऊ किंवा त्याच्या उलट, कसंही केलं तरी पावसात वळणावर पुढची आणि मागची पकड वेगवेगळ्या वेळी सुटते. पुढचे टायरही त्याच खडीवरून जातात, आणि पुढच्या चाकाने उडवलेला दगड मागच्या चाकाला लागतो. चारही एकाच वेळी, एकाच प्रकारचे.

पाना१७

स्टेपनी पाचवी एलटीच घ्या, जमलं तर त्याच दिवशी. एलटीची नक्षी खोल असल्याने नव्या एलटीचा आणि झिजलेल्या पी चा घेर जुळत नाही. तशा जोडीने फोर-व्हील-ड्राइव्ह टाकला की दोन्ही एक्सल वेगवेगळ्या गतीने फिरू बघतात आणि ताण ट्रान्सफर केसवर (दोन्ही एक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो. तात्पुरती पी स्टेपनी लावावीच लागली तर टू-व्हील-ड्राइव्हमध्ये, ट्रेलर न जोडता, पुढच्या दुरुस्तीपर्यंतच.

बसवताना बनावटीची तारीख बघा. साइडवॉलवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाचही एकमेकांच्या जवळच्या तारखेचे मागा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच वेळी. अलाइनमेंट करताना इंधनाची टाकी आणि हौदा रोजच्या स्थितीत असू द्या. नट टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला, आणि ८० ते १०० किमी झाल्यावर पुन्हा एकदा आवळा.

स्टिकरच्या शेजारी दुसरा छोटा स्टिकर लावून त्यावर नवा टायर आणि नवा दाब लिहा, नाहीतर पुढच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी छापलेला आकडा वाचून ३५ वर आणून ठेवेल. स्टेपनीत ५० भरून ठेवा. लागेल त्या दिवशी हवा सोडता येते, रस्त्यात भरता येत नाही. पाचही टायर फिरवत राहिलात तर तिची नक्षीही बाकीच्यांबरोबरच झिजेल.

हौदावाला

पाचही घेतो. हिचपासूनचं अंतर टेपने मोजलं: १.२५ मीटर, आणि चाकांमधलं ३.५५. मागे ४०६ येतात, एकूण १६२६.

तोलकाटा

बरोबर. तरी ट्रेलर जोडून, सामान भरून एकदा काट्यावर फक्त मागची चाकं घ्या. १७५० च्या जवळ दिसलं तर हौद्यातलं जड सामान पुढे, केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवा.